नेम चुकतो, तो कोठे?

विद्यार्थिमित्रांनो, पेरणीचे दिवस आठवा. वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात धनज नावाचे गाव आहे. तेथील शेतात तूर किंवा ज्वारी उगवून वर आली की बांधावरूनच दोन गोष्टी ओळखता येतात. काही शेतांत रोपे एका अंतरावर, सारखी उगवलेली असतात. पण सगळे तासच एका बाजूला कललेले असते. काही शेतांत तास अगदी सरळ असते. पण रोपे कोठे दाट, तर कोठे विरळ. पहिल्या शेतात तिफण हाकणाऱ्याची चूक आहे. दुसऱ्या शेतात चाड्यावर मूठ सोडणाऱ्या हाताची. दोन्ही शेतांत 'पेरणी चुकली' असेच आपण म्हणतो. परंतु चुका दोन जातींच्या आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत.

मोजमापाच्या शास्त्रातील एक मोठे तत्त्व या दोन शेतांत दडलेले आहे. ते समजून घेण्यासाठी आज आपण नेमबाजीचे उदाहरण घेणार आहोत. कारण तेथे प्रत्येक चूक फलकावर छिद्राच्या रूपाने उमटते आणि पट्टीने मोजता येते.

काडतूस आणि नेम

पिस्तुलाच्या काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठोका बसताच पेटणारी टोपी, आत धूरविरहित दारू आणि तोंडाशी घट्ट बसविलेली गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, दारू जळून वायू तयार होतो, आणि त्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. नळीच्या आतील बाजूस नागमोडी नव्हे, तर मळसूत्रासारखे आटे पाडलेले असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भोवऱ्याप्रमाणे स्थिर राहते. ५.६ मिमी व्यासाच्या गोळीसाठी हे आटे साधारण ४० सेंमी अंतरात एक फेरा पूर्ण करतात. गोळीचा वेग सेकंदाला ३२० मी. धरला, तर ती सेकंदाला सुमारे ८०० फेरे घेते!

अमेरिकेसारख्या काही देशांत नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा स्वतःच्या हाताने भरतात. असा माणूस पहिल्यांदा स्वतःची काडतुसे घेऊन चांदमारीच्या मैदानावर जातो, तेव्हा बहुधा एकच तक्रार घेऊन परततो : "गोळ्या फलकावर विखुरल्या." मग तो कधी दारूला दोष देतो, कधी गोळीला, कधी पिस्तुलाला. आपल्या देशात परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे गुन्हा आहे, आणि ते घरी करून पाहण्याचे कामही नव्हे. पण त्या माणसाचा प्रश्न मात्र निखळ भौतिकशास्त्राचा आहे : परिणाम बिघडला आहे, कारणे अनेक असू शकतात, तर खरे कारण शोधावे कसे?

पुंजका सरकला की पसरला?

फलकावर दहा गोळ्या झाडल्या की छिद्रांचा एक पुंजका तयार होतो. या पुंजक्याला दोन प्रश्न विचारावयाचे. पहिला : त्याचा मध्य फलकाच्या मध्यापासून किती दूर आहे? दुसरा : छिद्रे एकमेकांपासून किती पसरली आहेत?

मध्य दूर असेल, पण छिद्रे दाटीवाटीने एकत्र असतील, तर काहीतरी प्रत्येक वेळी सारखेच चुकते आहे. याला आपण 'कायम दोष' म्हणू. व्हर्निअर कॅलिपरची शून्य त्रुटी ही याच जातीची. ती प्रत्येक नोंदीत तेवढीच असते. म्हणून एकदा समजली की वजा करता येते. नेमबाजही हेच करतो. पिस्तुलाची मागील खाच स्क्रूने थोडी सरकवतो आणि सगळा पुंजका मध्यावर आणतो.

मध्य योग्य जागी असेल, पण छिद्रे चहूकडे पसरली असतील, तर प्रत्येक वेळी काहीतरी वेगवेगळे चुकते आहे. याला 'यादृच्छिक दोष' म्हणतात. हा स्क्रू फिरवून जात नाही. स्क्रू फिरवला तर पसरलेला पुंजका पसरलेलाच राहतो, फक्त जागा बदलतो. येथे एकसारखेपणा आणावा लागतो. काडतुसाच्या भरणीत, हाताच्या पकडीत, किंवा चाप ओढण्यात.

पहिल्या खेपेला काडतुसे भरणारा माणूस येथेच फसतो. एक छिद्र डावीकडे गेले की तो खाच उजवीकडे सरकवतो. पुढचे उजवीकडे गेले की पुन्हा डावीकडे. प्रत्येक यादृच्छिक चुकीवर तो कायम दोषाचा उपाय करीत जातो. अशाने पुंजका लहान होत नाही. उलट मोठा होतो.

वेग बदलला तर काय होईल?

आता थोडे गणित करू. नळीतून आडवी सुटलेली गोळी पुढे जात असतानाच गुरुत्वाकर्षणाने खाली पडत असते. हवेचा रोध तूर्त सोडून देऊ. गोळीचा वेग सेकंदाला ३२० मी. आणि फलक २५ मी. अंतरावर असेल, तर

लागणारा वेळ = २५ ÷ ३२० = ०.०७८ सेकंद
पडण्याचे अंतर = ½ × ९.८ × (०.०७८)² = सुमारे ०.०३० मी. = ३ सेंमी

फलक ५० मी. अंतरावर नेला, तर वेळ दुप्पट होतो. आणि पडण्याचे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ते चौपट, म्हणजे १२ सेंमी होते. ही पडझड प्रत्येक वेळी सारखी असेल तर चिंता नाही. ती कायम दोषात मोडते आणि खाच वरखाली करून भरून काढता येते. चिंता आहे ती फरकाची.

समजा, काडतुसांची भरणी एकसारखी नाही. त्यामुळे काही गोळ्या ३१० मी. वेगाने, तर काही ३३० मी. वेगाने सुटतात. वरील रीतीने ५० मी. अंतरासाठी हिशेब केला, तर मंद गोळी सुमारे १२.७ सेंमी आणि वेगवान गोळी ११.२ सेंमी पडते. म्हणजे दोन छिद्रांत वरखाली सुमारे १५ मिमीचा फरक! हाच फरक २५ मी. अंतरावर फक्त ४ मिमीच्या आसपास राहतो.

१५ मिमी म्हणजे किती, हे समजण्यासाठी खरा फलक पाहू. ५० मी. रायफल स्पर्धेत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी असतो. आपल्या शर्टाच्या बटणाएवढा! गोळीची कड त्या वर्तुळाला टेकली तरी दहा गुण मिळतात. गोळीची त्रिज्या २.८ मिमी धरली, तर छिद्राचा मध्य फलकाच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत असला पाहिजे. वर ८ आणि खाली ८, अशी एकूण १६ मिमीची जागा. आणि त्यातील १५ मिमी एकट्या वेगातील फरकाने गिळली! नेमबाजाने जराही चूक न करता.

२५ मी. पिस्तुलाच्या अचूकता फेरीत मात्र दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिमी असतो. तेथे वेगाच्या फरकाने आलेले ४ मिमी नगण्य आहेत. पाहा, दोष तोच. पण एका स्पर्धेत तो घातक, तर दुसऱ्या स्पर्धेत किरकोळ. म्हणून दोष मोठा की लहान, हे नुसते सांगून चालत नाही. 'कशाच्या मानाने' हे सांगावे लागते.

पिस्तुलाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. गोळी मंद झाली तर ती खाली लागेल, असे आपल्याला वाटते. पण जवळच्या अंतरावर पुष्कळदा ती वर लागते! कारण पिस्तुलाची नळी हाताच्या पकडीच्या वर असते. गोळी नळीतून पुढे जात असतानाच न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पिस्तुलाला मागे धक्का बसतो आणि नळीचे तोंड वर उचलले जाऊ लागते. मंद गोळी नळीत अधिक वेळ राहते. म्हणून ती बाहेर पडेपर्यंत तोंड अधिक वर गेलेले असते. एका परिणामामागे दोन विरुद्ध कारणे काम करीत असली, तर तर्काने निकाल लावता येत नाही, मोजावेच लागते.

एका मिलिमीटरची किंमत

आता हाताकडे वळू. पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर एक छोटा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागे एक खाच असते. माशी खाचेच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे. २५ मी. स्पर्धेच्या पिस्तुलात या दोहोंतील अंतर जास्तीत जास्त २२ सेंमी ठेवता येते.

समजा, चाप ओढताना मनगट किंचित वळले आणि माशी खाचेच्या मध्यापासून १ मिमी बाजूला गेली. समरूप त्रिकोण आठवा. २२० मिमी अंतरात १ मिमी चूक, तर २५,००० मिमी अंतरात किती?

२५,००० ÷ २२० = सुमारे ११४ मिमी

म्हणजे जवळजवळ साडेअकरा सेंमी! छिद्र दहाच्या वर्तुळातून थेट सहाच्या वर्तुळात. याउलट, पूर्ण हात पिस्तुलासह ५ मिमी बाजूला सरकला, पण माशी आणि खाच एका रेषेत राहिली, तर फलकावर चूक फक्त ५ मिमीच होते. कारण नळी स्वतःला समांतर सरकली, तिचा कोन बदलला नाही. म्हणूनच नेमबाजीचे शिक्षक नवशिक्याला सांगतात, की हात थोडा हलला तर घाबरू नका. पण माशी आणि खाच यांच्यावरची नजर सोडू नका.

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली जकार्ता-पालेम्बांग येथील आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या प्रकारात एका मिलिमीटरची किंमत किती आहे, ते तुम्ही आता मोजून पाहिलेच आहे.

दोषांची बेरीज सरळ होत नाही

हाताचा दोष आणि काडतुसाचा दोष एकत्र आले, तर एकूण पसारा किती होईल? पुष्कळजण सरळ बेरीज करतात. पण दोन स्वतंत्र यादृच्छिक दोष नेहमी एकाच दिशेने येत नाहीत; कधी एकमेकांत मिळतात, कधी एकमेकांना काटतात. म्हणून त्यांची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या कर्णाप्रमाणे होते. पायथागोरसचा सिद्धांत येथे अचानक भेटतो!

समजा, नवशिक्याच्या हातामुळे होणारा पसारा ४० मिमी आणि काडतुसांमुळे होणारा २० मिमी आहे. मग

एकूण पसारा = √(४०² + २०²) = √२००० = सुमारे ४५ मिमी

आता या माणसाने महिनाभर खटपट करून काडतुसे अगदी निर्दोष केली, २० चे शून्य केले, तर पसारा होईल ४० मिमी. एवढ्या श्रमाने मिळाले काय? केवळ ५ मिमी. त्याऐवजी त्याने काडतुसे आहेत तशीच ठेवून सरावाने हाताचा दोष ४० वरून २० वर आणला असता, तर पसारा √(२०² + २०²) म्हणजे सुमारे २८ मिमी झाला असता. १७ मिमी वाचले असते.

मित्रांनो, या लेखातून एकच गोष्ट घरी न्यावयाची असेल, तर ही न्या : सर्वांत मोठा दोष आधी शोधा. तो असेपर्यंत लहान दोषांवर घेतलेली मेहनत बहुतेक वाया जाते.

याचा दुसरा अर्थही पाहा. ज्याचा हात आधीच अत्यंत स्थिर आहे, त्याच्यासाठी काडतूस हाच मोठा दोष ठरतो. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात कांबळवाडी गाव आहे. तेथील स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. रायफल तीन स्थिती या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या अंतिम फेरीत तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू ४४ गोळ्या झाडून थांबला. भागाकार करा : दर गोळीस सरासरी सुमारे १०.२६ गुण. या फलकावर गुणाचा प्रत्येक दशांश ०.८ मिमीचा असतो. म्हणजे छिद्रे मध्यापासून सरासरी ६ मिमी अंतरावर. पन्नास मीटरवरून, कधी गुडघ्यावर, कधी झोपून, कधी उभे राहून! अशा हाताला १५ मिमीची वरखाली परवडणार नाही. म्हणूनच या दर्जाचे नेमबाज रायफल पक्क्या शिकंज्यात बसवून निरनिराळ्या लॉटची काडतुसे झाडून पाहतात आणि ज्या लॉटचा पुंजका सर्वांत लहान येतो, तो निवडतात.

शिकंजा का, हे लक्षात आले ना? शिकंज्यात हाताचा दोष शून्य होतो. मग जो पसारा उरतो, तो काडतूस आणि नळी यांचा. पहिल्यांदा काडतुसे भरणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तरही हेच आहे. पिस्तूल टेकूवर ठेवून झाडा. पुंजका एकदम लहान झाला, तर दोष हातात होता. तेवढाच राहिला, तर काडतुसांकडे वळा.

करून पाहा : गोटी आणि कार्बन पेपर

धनजच्या शाळेत पिस्तूल नसेल, पण गोटी, टेबल आणि कार्बन पेपर निश्चित आहे. त्यावर हा सगळा अभ्यास होतो.

सुमारे ८० सेंमी उंचीच्या टेबलावर एक पन्हळ तिरकी बसवा. तिचे खालचे टोक टेबलाच्या कडेशी आडवे झाले पाहिजे, म्हणजे गोटी आडवी सुटेल. कडेवरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. गोटी जेथे पडते, तेथे पांढरा कागद चिकटवा आणि त्यावर कार्बन पेपर पालथा ठेवा. गोटी पन्हळीवर २० सेंमी उंचीवरून सोडली, तर ती खुणेपासून ६५ ते ७० सेंमीच्या आसपास पडावी. पन्हळीत घर्षण किती आणि गोटी कशी लोळते, यावर नेमके अंतर अवलंबून राहील.

येथे गोटी सोडण्याची उंची म्हणजे काडतुसातील दारू. कारण तीच वेग ठरवते. पन्हळीची दिशा म्हणजे माशी आणि खाच. गोटी पडण्याचे अंतर उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. म्हणून उंचीत ५ टक्के, म्हणजे १ सेंमीचा फरक पडला, तर अंतरात अडीच टक्के, म्हणजे सुमारे १७ मिमीचा फरक पडतो.

प्रथम गोटी नुसत्या बोटांनी सोडा, दहा वेळा. नंतर पन्हळीवर आडवी पट्टी धरून, ती झटकन उचलून सोडा. पुन्हा दहा वेळा. दोन्ही कागदांवरील पुंजके शेजारी ठेवून पाहा. शेवटी पट्टीनेच सोडा, पण पन्हळ किंचित डावीकडे वळवून ठेवा. पसरलेला पुंजका आणि सरकलेला पुंजका यांतील भेद डोळ्यांनी दिसेल.

तीन नोंदींचा मोह

समजा, बोटांनी सोडलेल्या दहा गोट्यांची अंतरे मिमीमध्ये या क्रमाने आली :

६७४, ६७९, ६७६, ६९०, ६६२, ६८४, ६७१, ६८५, ६६८, ६८१

सरासरी येते ६७७. प्रत्येक नोंदीचा सरासरीपासूनचा फरक, चिन्ह सोडून, काढला तर बेरीज ६८ होते. म्हणजे सरासरी विचलन ६.८ मिमी.

आता फक्त पहिल्या तीन नोंदी पाहा. त्यांतील सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान यांत फरक केवळ ५ मिमी. येथेच थांबलो असतो, तर 'वा, काय अचूक हात!' असे म्हणालो असतो. पुढच्या तीन नोंदींत हाच फरक २८ मिमी आहे आणि त्यापुढच्या तिनांत १७ मिमी. हात तोच, गोटी तीच, पन्हळ तीच. तीन नोंदींचा पुंजका लहान येणे हा पुष्कळदा निव्वळ योगायोग असतो.

पहिल्यांदा काडतुसे भरणारा नेमका असाच चकतो. तीन गोळ्या एकत्र लागल्या की 'हीच भरणी उत्तम' असे ठरवतो. दुसऱ्या दिवशी त्याच भरणीचा पुंजका पसरला की पिस्तूल बिघडले असे मानतो. वास्तविक दोन्ही दिवशी काहीच बदललेले नसते. सरासरीतील अनिश्चितता नोंदींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. ती निम्मी करावयाची, तर नोंदी चौपट घ्याव्या लागतात. विश्वास महाग आहे. तो तीन नोंदींत मिळत नाही.

बाजूला गेलेले छिद्र

येथे शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनाही एक विनंती. दहा नोंदींपैकी ६६२ ही नोंद पाहून कोणाचाही हात खोडरबराकडे जाईल. 'ही चुकून आली, काढून टाकू.' प्रयोगवहीत असे रोज घडते. पुस्तकातील उत्तराशी न जुळणारी नोंद खोडली जाते, वही स्वच्छ दिसते आणि गुणही मिळतात. पण ती वही आता खोटे बोलते. पसारा खरा होता त्याहून लहान दिसू लागतो आणि दोष शोधण्याची वाटच बंद होते.

नोंद गाळावयाची असेल, तर कारण नोंद घेतानाच माहीत असले पाहिजे : गोटी पन्हळीच्या कडेला घासली, कोणी टेबलाला धक्का दिला. तेही वहीत लिहावे आणि नोंद आडव्या रेघेने, वाचता येईल अशी, खोडावी. केवळ नावडती म्हणून गाळू नये. स्पर्धेच्या फलकावरील छिद्र कोणी बुजवू देत नाही. आपल्या वहीला तेवढा मान का देऊ नये?

शोधाची रीत

आता सगळे एकत्र बांधू. नेम चुकत असेल, गोटी भरकटत असेल किंवा प्रयोगशाळेतील उत्तर जुळत नसेल, तरी रीत एकच.

१. पुरेशा नोंदी घ्या. दहापेक्षा कमी नकोत.
२. मध्य आणि पसारा वेगवेगळे काढा. मध्य सरकला असेल तर कायम दोष शोधा; पसारा मोठा असेल तर यादृच्छिक.
३. पसारा कोणत्या दिशेने आहे ते पाहा. वरखाली अधिक असेल, तर वेगातील फरकाचा संशय घ्या. आडवा अधिक असेल, तर दिशेचा.
४. मोठा दोष आधी वेगळा काढा. नेमबाजीत टेकू, आपल्या प्रयोगात आडवी पट्टी.
५. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या आणि सुधारणा झाली, तर श्रेय कोणाला द्यावे ते कळत नाही.
६. बदल केल्यावर पुन्हा तेवढ्याच नोंदी घ्या आणि जुन्यांशी ताडून पाहा.

काडतुसाच्या बाबतीत यावर एक कडक मर्यादा आहे. दारू वाढवून पाहणे हा 'बदल' म्हणून चालत नाही. बंद पुंगळीत दारू थोडी वाढली तरी दाब त्याच प्रमाणात न वाढता फार झपाट्याने वाढतो. नळी फुटून हात आणि डोळे गेल्याची उदाहरणे जगभर आहेत. प्रयोग करणाऱ्याने कोणती गोष्ट बदलावयाची नाही, हे आधी ठरवावे लागते. म्हणून हे काम परवाना, यंत्रे आणि तपासणी असलेल्या कारखान्यांचे.

असे कारखाने आपल्या राज्यात आहेत. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगाव येथेही लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत. अशा कारखान्यांपुढे एक मजेदार पेच असतो. काडतूस चांगले आहे की नाही, हे ते झाडूनच कळते. आणि झाडले की ते संपते! सगळी तपासली तर विकावयास एकही उरणार नाही. म्हणून प्रत्येक लॉटमधून काही काडतुसे, आवडनिवड न करता, उचलून झाडतात आणि त्यांच्या वेगाचा व पसाऱ्याचा हिशेब करून पूर्ण लॉटविषयी निर्णय घेतात. शितावरून भाताची परीक्षा करावयाची, पण किती शिते आणि भांड्यातील कोठली, हे संख्याशास्त्र ठरवते.

गोळीचा वेग मोजण्याची पहिली चांगली युक्ती इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिली. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यात गोळी मारावयाची आणि ठोकळा किती झोका घेतो ते मोजावयाचे. संवेगाच्या अक्षय्यतेवरून वेग निघतो. अकरावी-बारावीत तुम्हांला हे उदाहरण भेटेल. आता विजेवर चालणारी यंत्रे हा वेग क्षणात मोजतात. पण यंत्र कितीही चांगले असले, तरी ते आकडा देते. दोष कोणत्या जातीचा, हे आपणच ओळखावे लागते.

सोडवून पाहा

१. हवेच्या पिस्तुलाची गोळी सेकंदाला १५० मी. वेगाने आडवी सुटते. १० मी. अंतरावरील फलकापर्यंत ती किती पडेल?
२. माशी आणि खाच यांत ३० सेंमी अंतर आहे. माशी अर्धा मिमी बाजूला गेली, तर १० मी. अंतरावर छिद्र किती सरकेल?
३. दोन स्वतंत्र दोष ३० मिमी आणि ४० मिमी आहेत. एकूण पसारा किती? लहान दोष पूर्ण नाहीसा करणे फायद्याचे, की मोठा दोष निम्मा करणे?
४. लेखातील दहा नोंदींचे पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच असे दोन गट करा. प्रत्येक गटाची सरासरी काढा. तीन-तीनच्या गटांच्या सरासरीशी तुलना करा.

उत्तरे : (१) सुमारे २.२ सेंमी. (२) सुमारे १७ मिमी. (३) ५० मिमी. लहान दोष काढल्यास ४० मिमी, मोठा निम्मा केल्यास सुमारे ३६ मिमी, म्हणून दुसरा उपाय फायद्याचा. (४) ६७६.२ आणि ६७७.८, तीन-तीनच्या गटांच्या ६७६.३, ६७८.७ आणि ६७४.७.